ठाण्याच्या उंबरठ्यापासून दिल्लीपर्यंत

(जामखेड येथे तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने केलेले भाषण.)



या कार्यक्रमाचे निमंत्रण देण्यास आलेल्या गुरुजींनी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा नुकताच पोलीस शिपाई म्हणून निवडला गेला. गावाने त्याचा नारळ-फेटा देऊन सत्कार केला. सत्काराच्या भाषणात कोणी तरी उत्साहाने म्हणाले, "आता थेट दिल्लीपर्यंत जा." सभा उलगडल्यावर त्या मुलाने गुरुजींना एका बाजूला घेऊन विचारले, "सर, शिपाई खरंच दिल्लीपर्यंत जाऊ शकतो का?" गुरुजींनी तो प्रश्न माझ्याकडे सोपविला. आजचा विषय त्यातूनच ठरला. स्थानिक ठाण्यात घडलेला पोलीस अधिकारी देशपातळीवरील संस्थेचे नेतृत्व करण्यापर्यंत कसा पोहोचतो, आणि पोहोचल्यावर त्याच्या उपयोगी काय पडते, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही देईन. मात्र त्यासाठी थोडे वळण घ्यावे लागेल.

आरंभ आपल्या तालुक्यापासूनच करतो. जामखेडकरांना हद्द म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. एका अंगास बीड जिल्ह्यातील आष्टी व पाटोदा, दुसऱ्या अंगास धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा, खाली सोलापूर जिल्ह्यातील करमाळा. १९४८ पर्यंत तर आष्टी-पाटोद्याचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि जामखेड मुंबई इलाख्यात. ज्या खर्ड्याच्या रानात १७९५ साली मराठे आणि निजाम समोरासमोर उभे ठाकले, ते खर्डे याच तालुक्यातले. राज्ये गेली, सीमा पुसल्या. पण ठाण्यांच्या हद्दी राहिल्या. बैल चोरणाऱ्यास मात्र हद्द कधीच आडवी आली नाही.

या संदर्भात माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ठाण्याचे नाव सांगत नाही. चूक ठाण्याची नव्हती, माझी होती. चाळीस वर्षांमागची गोष्ट. मी नवखा उपनिरीक्षक होतो आणि दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील ठाण्यात माझी नेमणूक होती. साखर कारखान्याचा हंगाम आटोपून परत निघालेला एक ऊसतोड मजूर भल्या पहाटे ठाण्यात आला. रात्री रस्त्याकडेला मुक्काम केला असता त्याची बैलजोडी गेली होती. जागा कोणती, असे मी विचारले. त्याने ओढा सांगितला, ओढ्यापलीकडचे चिंचेचे झाड सांगितले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले आणि म्हणालो, ओढ्यापलीकडे आमची हद्द नाही, तुम्ही तिकडच्या ठाण्यात जा. तो जाता जाता म्हणाला, "साहेब, रात्री एक टेम्पो उभा होता, पाठीमागं पाटीवर मोराचं चित्र होतं." मी ते ऐकले आणि लिहून घेतले नाही. तिकडच्या ठाण्याने त्याला पुन्हा आमच्याकडे पाठविले. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या कानी गेल्यावर फिर्याद नोंदली गेली, तोपर्यंत बैल कोणत्या बाजारात कोणाच्या दावणीला गेले हे सांगणारे कोणी उरले नव्हते. टेम्पो तर मिळालाच नाही. जबाब देताना तो माणूस रागावला नाही. त्याने फक्त विचारले, "मोराचं तेव्हाच लिहून घेतलं असतंत तर?" त्याची पुढच्या हंगामाची उचल त्या बैलांवर होती.

पुढे नोकरीत अनेक मोठे गुन्हे पाहिले, पण तपासाविषयी मी जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. आज कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर समोरच्या ठाण्याने नोंदवावयाची आहे. शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करून तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग करावयाचा. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी हे आपापल्या गावात अवश्य सांगावे. "आमची हद्द नाही" हे उत्तर आता कोणी देऊ शकत नाही.

ठाणे आणि केंद्र

आता दिल्लीकडे वळू. आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. देशाचे एकच पोलीस दल, एकच प्रमुख, अशी आपल्याकडे रचना नाही, आणि ती नाही हेच बरे, असे माझे मत आहे. तथापि गुन्हा राज्यांच्या सीमा ओलांडतो म्हणून केंद्राने वेळोवेळी संस्था उभारल्या. केंद्रीय अन्वेषण विभाग १ एप्रिल १९६३ रोजी स्थापन झाला. सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ रोजी उभे राहिले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे वृत्तपत्रांत 'एनआयए' या नावाने येणाऱ्या संस्थेचा, कायदा झाला.

या शेवटच्या कायद्यातील सहावे कलम मी प्रशिक्षणार्थींना नेहमी वाचून दाखवीत असे. दहशतवादासारखा अनुसूचीतील गुन्हा एखाद्या ठाण्यात नोंदविला गेला, की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तो अहवाल तात्काळ राज्य शासनाकडे पाठवावयाचा. राज्य शासनाने तो शक्य तितक्या लवकर केंद्राकडे पाठवावयाचा. तपास राष्ट्रीय संस्थेकडे द्यावयाचा किंवा नाही हे केंद्राने पंधरा दिवसांत ठरवावयाचे. केंद्राला आपण होऊनही तसा निर्णय घेता येतो, हे खरे. परंतु याच कलमात पुढे म्हटले आहे की, संस्था तपास हाती घेईपर्यंत तो चालू ठेवणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य राहील. म्हणजे देशातील सर्वांत प्रबळ तपास संस्थेच्या कामाचा पहिला कागद ठाण्याच्या टेबलावर लिहिला जातो. जामखेडचे ठाणे त्याला अपवाद नाही. तो कागद कच्चा असेल, पंचनाम्यात वेळ चुकलेली असेल, मुद्देमालावर मोहोर नसेल, तर दिल्लीहून कितीही हुशार अधिकारी आला तरी तो त्या कागदाचे काय करणार?

२६ नोव्हेंबरच्या प्रकरणातच हे दिसले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबला जिवंत पकडले ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. ओंबळे यांच्याजवळ बंदूक नव्हती. मुख्य खटल्याचा तपास मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने केला. फेब्रुवारी २००९ मध्ये अकरा हजारांहून अधिक पृष्ठांचे आरोपपत्र न्यायालयात गेले, आणि विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. हे सर्व काम राज्याच्या पोलिसांचे होते.

एका अधिकाऱ्याची वाटचाल

त्याच रात्री कामा रुग्णालयात जे अधिकारी मूठभर सहकाऱ्यांसह दहशतवाद्यांना सामोरे गेले, ते सदानंद दाते. आजच्या विषयाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत ताजे उदाहरण त्यांचेच आहे.

दाते पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची. शाळकरी वयात घरोघर वृत्तपत्रे टाकून त्यांनी शिक्षण केले. वाणिज्य शाखा, परिव्यय लेखापालाची परीक्षा, आणि मग १९९० च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत, तेही महाराष्ट्राच्याच संवर्गात. पुढे पुणे विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी नोकरी सांभाळून मिळविली आणि हम्फ्री शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अभ्यास केला. वर्गात हिशेब शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही बाब ध्यानात घ्यावी. पोलीस म्हणजे धावणे आणि उंच उडी अशी आपल्या मुलांची कल्पना असते. आर्थिक गुन्ह्याचा तपास हा खातेवही वाचता येणाऱ्याचा तपास आहे.

२००८ मध्ये दाते मुंबईच्या मध्य विभागाचे अपर पोलीस आयुक्त होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसमधून निघालेले दोघे दहशतवादी कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा रुग्ण, बाळंतिणी आणि कर्मचारी आत अडकले होते. वरच्या मजल्यावर चकमक झाली. हातबॉम्बच्या स्फोटात उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर यांना वीरमरण आले. दाते स्वतः गंभीर जखमी झाले, तरीही जागा न सोडता गोळीबार करीत राहिले. त्यांना शौर्यासाठी राष्ट्रपतींचे पोलीस पदक देण्यात आले.

या प्रसंगाची वर्णने आपण वाचली असतील, म्हणून ती वाढवीत नाही. त्यांच्या सेवेतील इतर वर्षांकडे मात्र आपले लक्ष वेधावयाचे आहे, कारण त्यांची चर्चा कोणी करीत नाही. केंद्रीय अन्वेषण विभागात उपमहानिरीक्षक, केंद्रीय राखीव पोलीस दलात महानिरीक्षक, मुंबईत कायदा-सुव्यवस्था आणि आर्थिक गुन्हे या दोन्ही बाजूंचा कारभार; १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार हे नवे पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले आयुक्त; नंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख. राज्यातून केंद्रात, केंद्रातून राज्यात, अशी ही येरझार आहे. लोक हिला बदल्या म्हणतात. प्रत्यक्षात याच रचनेसाठी अखिल भारतीय सेवा निर्माण करण्यात आली: अधिकाऱ्याने जिल्हा पाहावा, मग देश पाहावा, आणि देशाचा अनुभव घेऊन पुन्हा राज्यात यावे.

३१ मार्च २०२४ रोजी दाते यांनी राष्ट्रीय तपास संस्थेचे महासंचालकपद स्वीकारले. ज्या हल्ल्यात ते जखमी झाले, त्याच हल्ल्यातून जन्मलेली ही संस्था. १० एप्रिल २०२५ रोजी हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेतून भारतात आणण्यात आले, तेव्हा संस्थेचे प्रमुख दातेच होते. संस्थेने त्या कटाचा गुन्हा नोंदविला होता नोव्हेंबर २००९ मध्ये. साडेपंधरा वर्षे तो कागद या देशातून त्या देशात, या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरत होता. जानेवारी २०२६ मध्ये दाते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक म्हणून राज्यात परतले. 'वर्दीतल्या माणसाच्या नोंदी' हे त्यांचे मराठी पुस्तक आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत असावे, अशी माझी सूचना आहे.

कामठीचे रुस्तमजी

दुसरे उदाहरण जुने आहे, आणि माझ्या मते अधिक मोठे. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ साली नागपूरजवळील कामठी येथे झाला. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलिसांत दाखल झाले. राज्य परकी, आणि अधिकारी भारतीय, अशा अवघड काळातली ती नोकरी. त्यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. पुढे त्या रोजनिशांवरूनच त्यांच्याविषयीची पुस्तके तयार झाली. ठाणे दैनंदिनी लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगत असे.

१९५२ ते १९५८ ते पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सुरक्षेचे प्रमुख होते. गर्दीत उडी घेणाऱ्या पंतप्रधानांना सांभाळणे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. याच काळात, मार्च १९५५ मध्ये, नागपुरात एक माणूस चाकू घेऊन पंतप्रधानांच्या मोटारीवर चढला होता. म्हणजे दिल्लीच्या अधिकाऱ्यावरचा मोठा प्रसंग त्याच्या स्वतःच्या प्रांतातच आला!

दिल्लीतील त्या मानाच्या जागेवरून ते पुन्हा राज्यात गेले आणि मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळच्या खोऱ्यात तेव्हा दरोडेखोरांचा अंमल होता. त्यांतला गब्बरसिंग १३ नोव्हेंबर १९५९ रोजी मारला गेला. (आपण हसलात, चित्रपटातील गब्बर आपणां सर्वांना माहीत आहे. खरा गब्बर गावकऱ्यांची नाके कापत असे, आणि त्याला पकडून देण्यास माणूस पुढे येत नव्हता तो याच भीतीने.)

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या सीमेवरील सरदार चौकीवर पाकिस्तानने हल्ला केला. तोवर सीमेचे रक्षण त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस करीत. प्रत्येक राज्याची शस्त्रे वेगळी, आज्ञा वेगळ्या, पगारही वेगळे. त्यानंतर शासनाने एकच सीमा दल उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी रुस्तमजींना बोलाविले. राज्यांच्या सुमारे पंचवीस पलटणी एकत्र करून त्यांनी सीमा सुरक्षा दल उभे केले. सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या मुक्तिलढ्यात पूर्व सीमेवर या दलाने केलेली कामगिरी इतिहासात नोंदली गेली आहे. राज्याराज्यांतील शिपायांचे एक दल करणे दिल्लीतच वाढलेल्या माणसाला जमले असते, असे मला वाटत नाही. एका प्रांताच्या पोलिसांत वर्षानुवर्षे काढलेल्या अधिकाऱ्याला शिपायाच्या रजेचे, कुटुंबाचे, जेवणाचे प्रश्न पाठ होते.

परंतु रुस्तमजींना मी मोठे म्हणतो ते याहून वेगळ्या कारणासाठी. निवृत्तीनंतर ते १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. त्या कामात त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. तेथे खटला सुरू न होता माणसे वर्षानुवर्षे खितपत पडली होती. काहींनी तर दोष सिद्ध झाला असता जितकी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ कोठडीत काढला होता. जानेवारी १९७९ मध्ये रुस्तमजींनी हे वृत्तपत्रात लिहिले. ते लेख वाचून ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हुसैनआरा खातून या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात, खटला विनाविलंब चालणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाखालील हक्क आहे, असे न्यायालयाने ठरविले. हजारो कच्चे कैदी सुटले. जनहित याचिकेचा आपल्या देशातील इतिहास या प्रकरणापासून सांगितला जातो. आयुष्यभर माणसे पकडण्याचे काम केलेला अधिकारी, आणि त्याच्या लेखणीने तुरुंगाचे दरवाजे उघडले. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २००३ मध्ये ते वारले.

त्याच आयोगाच्या अहवालांवर पुढे प्रकाश सिंग प्रकरण उभे राहिले आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्या आदेशांचे सर्व राज्यांत काय झाले, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, आणि फारसा सुखद नाही.

ज्युलिओ रिबेरो यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९५३ च्या तुकडीचे, मुंबई राज्यात घडलेले हे अधिकारी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, १९८५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालक झाले. केंद्रीय दलाचे प्रमुखपद लाभल्यावर सामान्यतः माणूस तेथून खाली उतरत नाही. रिबेरो आधी गुजरातेत आणि १९८६ मध्ये, दहशतवाद पेटलेला असताना, पंजाबात राज्य पोलिसांचे प्रमुख म्हणून गेले. त्यांच्यावर जालंधर येथे आणि पुढे राजदूत असताना बुखारेस्ट येथे प्राणघातक हल्ले झाले. अलीकडच्या काळात, गडचिरोलीत पोलीस अधीक्षक राहिलेले आणि मुंबईचे आयुक्त व राज्याचे महासंचालक झालेले सुबोधकुमार जयस्वाल मे २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाचे संचालक झाले.

शिपायाची वाट

आता त्या मुलाचा प्रश्न. आपल्यापुढे मी जी नावे घेतली ती सर्व भारतीय पोलीस सेवेची आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेलच. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन हे अधिकारी येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय अकादमीत त्यांचे प्रशिक्षण होते, आणि त्याचाच भाग म्हणून त्यांना जिल्ह्यात राहून काही काळ ठाण्याचा कारभारही पाहावा लागतो. ती ओळख मोलाची खरी. पण ठाण्यात काही महिने राहणे वेगळे आणि ठाण्यात आयुष्य काढणे वेगळे.

शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा हवालदार, सहायक उपनिरीक्षक या पायऱ्या चढतो. खात्यांतर्गत परीक्षा देऊन किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसून उपनिरीक्षक झालेले कितीतरी शिपाई मी पाहिले आहेत. नाशिकच्या अकादमीत त्यांतले काही माझे विद्यार्थी होते. राज्य पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांतून भारतीय पोलीस सेवेत बढती देण्याची तरतूद आहे. वरिष्ठ पदांपैकी सुमारे एक तृतीयांश जागा त्या मार्गाने भरावयाच्या असतात. पण ही बढती पदरी पडते तेव्हा निवृत्ती जवळ आलेली असते. शिपाई म्हणून निघालेला माणूस बढतीच्याच वाटेने केंद्रीय संस्थेच्या प्रमुखपदी पोहोचेल, असे आजच्या रचनेत म्हणता येत नाही. गुरुजींनी त्या मुलाला हे स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. मात्र वय शिल्लक असेल आणि पदवी हाती असेल तर नोकरीत राहूनही त्याला केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते, हेही सांगावे.

शिवाय दिल्ली म्हणजे केवळ प्रमुखाची खुर्ची नव्हे. राष्ट्रीय तपास संस्था आणि केंद्रीय अन्वेषण विभाग या दोन्ही ठिकाणी राज्यांच्या पोलिसांतून निरीक्षक, उपनिरीक्षक आणि शिपाईसुद्धा प्रतिनियुक्तीवर घेतले जातात. तपासात निपुण असलेल्या माणसाला तेथे मागणी असते.

या दुष्काळी पट्ट्यातून अनेक मुले केंद्रीय राखीव दल आणि सीमा सुरक्षा दल यांत थेट जवान म्हणून जातात. त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून केंद्राची. परंतु त्या दलांचे नेतृत्व बहुतांशी भारतीय पोलीस सेवेतून येते, आणि दलातच वाढलेल्या अधिकाऱ्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे जुने आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानिरीक्षक दर्जापर्यंतच्या प्रतिनियुक्तीच्या जागा क्रमाक्रमाने कमी करण्याचा निर्देश दिला. मी स्वतः पोलीस खात्यातला, तरी मला हे गाऱ्हाणे रास्त वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांना पंच म्हणून बोलावणे येते. शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य हे पोलिसांचे आवडते पंच. सही नीट करतात आणि पत्ता बदलत नाहीत. जागेवर न जाता, तयार कागदावर सही करणे ही आपल्याकडील जुनी खोड. न्यायालयात उलटतपासणी झाली की असा पंच गडबडतो आणि खटला तेथेच ढासळतो. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूद केली आहे. तरीही मोबाइलवरील चित्रण पंचाची जागा घेऊ शकत नाही. आपण जागेवर जा, वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, लिहिलेले वाचा, आणि चुकीचे असेल तर सही करू नका. पोलिसाला राग येईल. येऊ द्या.

पोलीस पाटलांना एवढेच सांगतो की १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने आपणांस खबर देण्याचे काम दिले आहे, आणि आपली नेमणूक आता वंशपरंपरेची नाही, पात्रतेची आहे. याच जामखेडात १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचे काम शिकविले आणि जगभरचे डॉक्टर ते पाहावयास येथे आले. तज्ज्ञ शहरात बसून राहिला आणि गावात पहिली खूण ओळखणारे कोणी नसले, तर रोग हाताबाहेर जातो, हे त्या दांपत्याने ओळखले होते. गुन्ह्याची पहिली खूण ओळखणारी आमच्या खात्यातली माणसे आपण आहात.

गुरुजींना मी विचारले, मुलगा कसा आहे? ते म्हणाले, अभ्यासात मध्यम, धावण्यात पहिला, अक्षर मात्र फार सुरेख. मी म्हणालो, मग त्याचा निरोप मी लिहूनच देतो. प्रशिक्षण संपले की त्याची ठाण्यात नेमणूक होईल, आणि अक्षर चांगले असलेल्या शिपायाला ठाणे दैनंदिनीजवळ बसवितात, हे आमच्या खात्यात ठरलेलेच आहे. कोणी पहाटे बैल गेल्याचे सांगत आला, तर त्याने आधी लिहावे, नकाशा मागाहून पाहावा. आणि टेम्पोच्या पाटीवर कोणते चित्र होते तेही लिहावे.